एक एकराचा जमाखर्च

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी आज संध्याकाळी एक काम करावे. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून शेताचा सात-बाराचा उतारा मागून घ्यावा आणि तो नीट वाचावा. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांनी एखाद्या मित्राचा उतारा पाहिला तरी चालेल. त्यावर खातेदारांची नावे असतात, क्षेत्र असते, आकार म्हणजे शेतसारा असतो, आणि कोणते पीक घेतले याची नोंद असते. क्षेत्राच्या रकान्यात ०.४० हेक्टर असा आकडा दिसला, तर ते शेत जवळजवळ एक एकराचे आहे असे समजा.

हा आकडा पिढ्यान्‌पिढ्या लहान होत चालला आहे. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातल्या एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. जमीन कोठे पळून गेली नाही. वाटण्या होत गेल्या. आजोबांच्या दहा एकरांचे वडिलांच्या वाट्याला अडीच आले आणि तुमच्या वाट्याला कदाचित एकच येईल.

क्षेत्र लहान झाले हे उताऱ्यावर दिसते. पण शेताच्या दोन गोष्टी उताऱ्यावर कधीच लिहिलेल्या नसतात. एक, त्या शेतात माती किती जाड आहे. दुसरी, तिथे पडलेल्या पावसापैकी किती पाणी मुरले. तुमच्या वाट्याला येणारे एक एकर पिकाऊ असेल की नुसता मुरूम असेल, हे या दोन गोष्टींवर ठरणार आहे. दुकानदार जसा रोजचा जमाखर्च लिहितो, तसा आपण आज एका एकराचा जमाखर्च मांडून पाहू. त्यासाठी फूटपट्टी, पेन्सिल आणि सातवीपर्यंतचे गणित एवढे पुरे.

जमेची बाजू: आकाशातून किती आले?

एक एकर म्हणजे ४० गुंठे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौकोन. मेट्रिक मापात एक एकर सुमारे ४,०४७ चौरस मीटर भरते.

आता एक सोपे सूत्र लक्षात ठेवा: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी पडले. (१०० सेंमी × १०० सेंमी × ०.१ सेंमी करून पाहा.) तेव्हा एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ४,०४७ लिटर.

आपले एकर पुरंदर, दौंड, माण यांसारख्या पर्जन्यछायेतल्या भागात आहे असे समजू आणि वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरू. गुणाकार करा. ४,०४७ × ५०० = २०,२३,५०० लिटर. वीस लाख लिटरांहून जास्त! पाच माणसांच्या घराला माणशी रोज ५५ लिटर पाणी लागते असे धरले, तर हे पाणी त्या घराला वीस वर्षे पुरेल. आणि हे ज्याला आपण दुष्काळी मुलूख म्हणतो तिथल्या एका एकरावर, एका वर्षात पडलेले पाणी आहे.

आता खर्चाकडे पाहू. बाजरीच्या पिकाला पेरणीपासून कापणीपर्यंत साधारण ३०० ते ३५० मिलिमीटर पाणी लागते. जमा ५०० आणि खर्च ३५०, म्हणजे शिल्लकच राहायला हवी. तरीही बाजरी का करपते?

कारण पाऊस पगारासारखा ठरलेल्या तारखेला येत नाही. एखाद्या दुपारी तासाभरात ५० मिलिमीटर कोसळतो, म्हणजे एकरावर दोन लाख लिटर, आणि पुढे वीस-पंचवीस दिवस ढगाचा पत्ता नसतो. पीक मात्र रोज पाणी पिते. भर वाढीतले पीक आणि ऊन मिळून शेतातून दिवसाला सुमारे ५ मिलिमीटर पाणी उडवतात. मधल्या खंडात पिकाने जगायचे कशावर? मातीत साठलेल्या पाण्यावर. म्हणजे शेतातली खरी टाकी ती माती.

टाकी केवढी आहे?

मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. मोठ्या पोकळ्यांतले पाणी खाली निचरून जाते. बारीक पोकळ्यांत ते केशाकर्षणाने धरून ठेवले जाते आणि मुळे ते शोषून घेतात. साधारणपणे १० सेंटिमीटर जाडीची माती पिकाच्या उपयोगी पडेल असे १० ते १५ मिलिमीटर पाणी धरते. चिकणमाती जास्त धरते, वाळूसर माती कमी.

आता दोन शेते शेजारीशेजारी आहेत असे समजा. एकात माती ६० सेंटिमीटर जाड आहे. त्या टाकीत ६० ते ९० मिलिमीटर पाणी राहील. रोज ५ मिलिमीटर खर्च धरला तर पीक १२ ते १८ दिवस तग धरेल. दुसऱ्या शेतात माती फक्त १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. तिथे १५ ते २२ मिलिमीटर पाणी राहील आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पीक माना टाकेल. पाऊस दोन्ही शेतांवर सारखाच पडला होता. ज्याची माती पातळ त्याचा दुष्काळ लवकर आला.

मग आपल्या शेतातली माती जाड आहे की पातळ, आणि ती कमी होत आहे का, हे पाहणे भागच आहे.

टाकीलाच गळती

पावसाचा टपोरा थेंब सुमारे पाच मिलिमीटर व्यासाचा असतो. तो जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटर असतो. म्हणजे भरधाव सायकलस्वारापेक्षाही जास्त. उघड्या, मोकळ्या मातीवर असे कोट्यवधी थेंब आदळले की ढेकळे फुटतात आणि बारीक कण उडतात. हे कण मातीची छिद्रे बुजवतात. वर पातळ पापुद्रा धरतो आणि पाणी मुरण्याऐवजी उताराने वाहू लागते. जाताना ते सुटे झालेले कण घेऊन जाते. पहिल्या जोरदार सरीनंतर ओढा चहासारखा तांबूस का वाहतो ते आता कळले ना? तो रंग म्हणजे कोणाचे तरी शेत आहे.

वाहत्या पाण्याचा वेग वाढला की त्याची ताकद किती वाढते हेही पाहा. वेग दुप्पट झाला तर गतिज ऊर्जा चौपट होते. आणि पाणी ज्या वजनाचा खडा ढकलत नेऊ शकते ते वजन तर वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट म्हणजे २ चा सहावा घात, ६४ पट जड खडा! म्हणून उताराच्या वरच्या टोकाला नुसती माती ओली होते आणि खालच्या टोकाला घळ पडते.

आपल्या एकरावरची फक्त एक मिलिमीटर माती गेली तर किती गेली? ४,०४७ चौरस मीटर × ०.००१ मीटर = सुमारे ४ घनमीटर. एक घनमीटर शेतमाती साधारण १.३ टन भरते. म्हणजे पाच टनांहून जास्त माती गेली. बैलगाडीत अर्धा टन भरला तर दहा गाड्या. कोणी रात्री येऊन तुमच्या शेतातली दहा गाड्या माती भरून नेली, तर सारा गाव गोळा होईल. पण पाऊस ती एका मिलिमीटरच्या थराने नेतो, म्हणून घरातल्या कोणालाही पत्ता लागत नाही.

१९८३ मध्ये भारतीय मृदाशास्त्रज्ञांनी देशाचा अंदाज मांडला. त्यात दर हेक्टरी, दर वर्षी सरासरी १६.३५ टन माती जागा सोडते असे निघाले. आपल्या एकराच्या हिशेबाने हे साडेसहा टन होतात, म्हणजे सव्वा मिलिमीटर. यात पोटातला खर्च नीट पाहा. सव्वा मिलिमीटर दर वर्षी, तर साठ वर्षांत साडेसात सेंटिमीटर. आजोबांनी नांगर धरला तेव्हापासून नातवाने धरेपर्यंत, १५ सेंटिमीटर मातीतली निम्मी गेली. तेवढीच माती नव्याने तयार व्हायला, खडक झिजून त्याचा मुरूम आणि मुरमाची माती व्हायला, शेकडो वर्षे लागतात. कोणत्याही दुकानात ती पोत्याने मिळत नाही.

करून पाहा: दोन खोक्यांचा प्रयोग

फळांची दोन सारखी लाकडी खोकी घ्या. आत प्लास्टिकचा कागद अंथरा आणि दोन्हींत शेतातली एकाच ठिकाणची माती सारख्या उंचीपर्यंत भरा. दोन्ही खोक्यांच्या एका बाजूला मातीच्या पातळीवर खाच पाडा. खाचेकडची बाजू खाली येईल अशी खोकी विटेवर तिरपी ठेवा आणि खाचेखाली एकेक भांडे ठेवा. एका खोक्यातली माती उघडी राहू द्या. दुसऱ्यात वाळलेले गवत किंवा पालापाचोळा बोटभर जाड पसरा.

आता बुडाला खिळ्याने भोके पाडलेल्या डब्यातून दोन्ही खोक्यांवर सारखेच, समजा पाच-पाच लिटर, पाणी सारख्याच उंचीवरून शिंपडा. दोन्ही भांड्यांतले पाणी मोजा. मग गाळ खाली बसू द्या, वरचे पाणी निथळून टाका, गाळ उन्हात वाळवा आणि किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून आणा. दोन्ही आकडे वहीत लिहा. गवताने झाकलेल्या खोक्यातले पाणी कमी आणि नितळ का, हे वर्गात चर्चा करून ठरवा. थेंबाचा मार गवताने कसा झेलला आणि पाण्याचा वेग कोणी कमी केला, हे दोन्ही मुद्दे उत्तरात आले पाहिजेत.

उताराला आडवे

या प्रयोगातून राखणीची दोन सूत्रे निघतात. माती उघडी ठेवू नका, आणि पाण्याला धावू देऊ नका.

पाण्याला धावू न देण्याचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे उताराला आडवे काम. नांगरट आडवी, पेरणी आडवी, कोळपणी आडवी. पाभरीची प्रत्येक ओळ मग छोटा बांध होते. उताराच्या दिशेने नांगरले तर प्रत्येक तास पाण्यासाठी केलेली आयती वाट होते. आपल्याकडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेतात ताली घालत आले आहेत, त्याही याच हेतूने.

पण शेताला उतार नेमका कोणत्या दिशेला आहे हे डोळ्यांना नेहमी कळत नाही. त्यासाठी एक साधे उपकरण तुम्ही स्वतः करू शकता. दोन मीटर लांबीचे दोन सरळ बांबू वरच्या टोकाला एकत्र बांधा आणि खाली पसरवा. मध्यावर आडवी काठी बांधा. आकार इंग्रजी ए अक्षरासारखा दिसेल. वरच्या टोकाला दोरी बांधून खाली दगड लटकवा. गवंड्याचा ओळंबा असतो तसा. आता हा सांगाडा जमिनीवर उभा करा, दोन्ही पायांच्या जागा खुणा करून ठेवा आणि दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे पेन्सिलने खूण करा. मग सांगाडा उलटा फिरवून पायांची अदलाबदल करा आणि पुन्हा खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण करा. दोरी या मधल्या खुणेवर आली म्हणजे दोन्ही पाय एकाच पातळीवर आहेत.

शेतात एक पाय रोवून दुसरा पाय पुढेमागे करत समपातळी शोधा, तिथे खुंटी ठोका, आणि त्या खुंटीपासून पुढचे पाऊल टाका. शेतभर गेलात की खुंट्यांची एक वाकडीतिकडी रेघ तयार होईल. हीच समपातळी रेषा. बांध घालायचा तो या रेषेवर, आणि जास्तीचे पाणी सावकाश जावे म्हणून त्याला दगडी सांडवा ठेवायचा. सांडव्याशिवाय घातलेला बांध पहिल्याच मोठ्या पावसात फुटतो आणि नसलेल्या बांधापेक्षा जास्त नुकसान करतो.

बांध नुसता मातीचा राहू देऊ नये. त्यावर गवत लावावे, म्हणजे मुळे माती धरतील आणि गुरांना वैरण होईल. गिरिपुष्पासारखी झुडपे लावली तर दुहेरी फायदा. आपले एकर चौरस असेल तर त्याची एक बाजू सुमारे ६४ मीटर आणि चारी बाजू मिळून २५० मीटरांहून जास्त भरतात. अर्ध्या मीटरवर एक झुडूप लावले तर पाचशे झुडपे मावतात, आणि पिकाची एक ओळसुद्धा कमी होत नाही.

मातीचे पोट भरले का?

गिरिपुष्पाचा पाला कशासाठी? मातीचे पोट भरण्यासाठी. माती ही नुसती खडकाची भुकटी नाही. तिच्यात कुजलेला पाला, मुळे, शेण, गांडुळे, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीवाणू असतात. हे सेंद्रिय द्रव्य मातीच्या कणांना डिंकासारखे चिकटवून त्यांचे रवे बनवते. रवाळ माती थेंबाच्या माराने लवकर फुटत नाही, तिच्यात हवा खेळते आणि पाणी भराभर मुरते.

माती परीक्षणाच्या अहवालात 'सेंद्रिय कर्ब' असा रकाना असतो. तो ०.५ टक्क्याहून कमी असेल तर माती भुकेली समजावी, ०.७५ टक्क्याहून जास्त असेल तर चांगली. आपल्या एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती सुमारे ८०० टन भरते. तिचा अर्धा टक्का म्हणजे फक्त चार टन कर्ब. आठशे टनांचा सगळा संसार या चार टनांवर चालतो! धसकटे, पाचट, तुराट्या शेतात जाळल्या की हा कर्ब कर्बवायू होऊन आकाशात जातो आणि मागे चिमूटभर राख राहते.

मात्र वाळलेली काटके नुसती मातीत गाडली तर पीक उलट पिवळे पडते. असे का व्हावे? काडीकचरा कुजवणाऱ्या जीवाणूंना कर्बाबरोबर नत्रही लागते. वाळलेल्या काडात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडे, म्हणून जीवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि पिकाला काही काळ उपाशी ठेवतात. खतखड्ड्यात एक भाग नत्राला २५ ते ३० भाग कर्ब असे प्रमाण जमले की कुजण्याची क्रिया उत्तम चालते. म्हणून वाळलेल्या काडाबरोबर शेण आणि हिरवा पाला थराथराने घालायचा. गिरिपुष्पाच्या वाळलेल्या पानांत शेकडा सुमारे अडीच भाग नत्र असते. शंभर किलो वाळलेला पाला म्हणजे अडीच किलो नत्र, म्हणजेच साडेपाच किलो युरियाइतके. शिवाय कर्ब वेगळा.

नत्राचा दुसरा कारखाना कडधान्याच्या मुळांवर असतो. तूर, मटकी, हुलगा यांचे रोप हलक्या हाताने उपटून मुळे धुऊन पाहा. त्यांवर बारीक गाठी दिसतील. गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला तर कारखाना चालू आहे असे समजा. आतले जीवाणू हवेतले नत्र पकडून झाडाला देत असतात. बाजरीत तुरीच्या ओळी टाकण्याची आपल्या शेतकऱ्यांची रीत म्हणूनच शहाणपणाची आहे. बाजरीची मुळे वरच्या थरातले पाणी घेतात, तुरीचे सोटमूळ खोल जाते, आणि बाजरी निघून गेल्यावरही तूर जमिनीवर सावली धरून असते.

खर्चाची बाजू: पीक कोणते?

जमा वाढवली, गळती थांबवली, पण खर्च बेहिशेबी केला तर उपयोग नाही. उसाला लागवडीपासून तोडणीपर्यंत सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते. आपल्या एकरावर पडते ५००. म्हणजे पावसाचा थेंब न्‌ थेंब अडवला, तरी एक एकर ऊस चार एकरांचे पाणी पिणार. उरलेल्या तीन एकरांचे पाणी कोणाचे, हा प्रश्न गणिताने आपोआप पुढे आणून ठेवला.

पाणी भरपूर असले तरी जपूनच द्यावे लागते. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठच्या काळ्या कसदार जमिनींपैकी काही भाग अतिपाण्याने खारवट झाले आहेत. निचरा नसला की भूजल वर येते, उन्हाने त्याची वाफ होते आणि पाण्यातले क्षार पृष्ठभागावर पांढरे साचतात. एक जमीन पाण्यावाचून जाते, दुसरी पाण्याने जाते.

मग कोरडवाहू एकरात खंड पडला तर करायचे काय? चाळीसपैकी एक गुंठा शेततळ्याला देऊन पाहा. १० मीटर × १० मीटर × ३ मीटर म्हणजे ३०० घनमीटर, असा हिशेब चटकन कराल, पण तो चुकेल. बाजू ढासळू नयेत म्हणून त्या तिरप्या ठेवाव्या लागतात. तीन मीटर खोलीला प्रत्येक बाजू तीन मीटर आत आली तर तळ ४ मीटर × ४ मीटर उरतो आणि तळ्यात सुमारे १५६ घनमीटर, म्हणजे दीड लाखाहून थोडे जास्त लिटर पाणी मावते. (सूत्र तुमच्या शिक्षकांना विचारा.) सगळ्या एकरावर पसरले तर ते ३८ मिलिमीटर होते. बाष्पीभवनाने आणि झिरपण्याने त्यातले काही जाणारच. तरीही कणीस भरताना दिलेले हे एक पाणी पुष्कळदा पीक घरात आणते. उसाला मात्र हे तळे आठवडाभरही पुरणार नाही.

बांधापलीकडचा हिशेब

उंच झाडे कोणत्या बांधावर लावावीत? हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावली उत्तरेकडे पडते. तेव्हा उत्तरेच्या बांधावर लावली तर आपल्या रब्बीवर सावली येणार नाही. पण मग ती शेजाऱ्याच्या शेतात पडेल! लहान शेताची हीच गंमत आहे. त्याचा निम्मा हिशेब बांधापलीकडे असतो.

पाण्याचेही तसेच. महाराष्ट्राची सुमारे चार पंचमांश भूमी काळ्या बेसाल्ट खडकाची आहे. हा खडक घट्ट असतो. त्याच्या वरच्या मुरमाड थरात आणि भेगांतच काय ते पाणी साठते. या भेगा सात-बारा पाहून पडलेल्या नाहीत. तुम्ही बांध घालून मुरवलेले पाणी खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीत निघते, आणि त्याने खोल विंधन विहीर घेतली तर तुमची विहीर आटते.

हा पेच महाराष्ट्रातल्या काही गावांनी सोडवून दाखवला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे अभियंता व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात देवस्थानाची सुमारे ४० एकर उजाड जमीन कराराने घेतली, तिथे उताराला आडवे बांध घातले, पाणी अडवले आणि पीक उभे केले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम वाचण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी द्यायचे: माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ऊस लावायचा नाही. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा. आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने पाणलोटाची कामे केली आणि त्यापुढे जाऊन पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. किती पाऊस झाला, विहिरींत किती पाणी आहे, माणसांना आणि गुरांना किती लागेल, हे पाहून गाव पुढचे पीक ठरवते. पाऊस कमी झाला तर रब्बीचे क्षेत्र कमी. शेतीसाठी विंधन विहीर खोदायची नाही, हा नियमही गावानेच स्वतःला घालून घेतला आहे.

आणखी एक नाव सांगायला हवे. श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'त शेतकरी एकत्र बसून आपापल्या शेतातली मापे एकमेकांना दाखवत. पानाचा पसारा, ऊन, पाणी यांचा नीट हिशेब ठेवला तर दहा गुंठेही मोठे असतात, असे ते सांगत. गणिताच्या माणसाला शेतीत काय काम, असे कोणी विचारले तर हे उदाहरण द्या.

एक खरी गोष्ट मात्र झाकून ठेवायला नको. कोरडवाहू एका एकरावर घराचे सगळे भागेलच असे नाही. भाव पडतात, पाऊस दगा देतो, घरातल्या कोणाला तरी मजुरीला किंवा नोकरीला जावे लागते. माती राखल्याने हे सगळे प्रश्न सुटत नाहीत. पण माती गेली तर त्यातला एकही सुटणार नाही.

तुमची वही

आता तुमचे काम. सरळ बाजूंचा एक पत्र्याचा डबा मोकळ्या जागी, झाडापासून आणि भिंतीपासून दूर ठेवा. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे वेधशाळेच्या वेळेला, त्यातल्या पाण्याची उंची फूटपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा आणि डबा रिकामा करा. बाजू सरळ असल्या की डब्याचे तोंड लहान असो वा मोठे, उंची सारखीच येते. असे का, याचा विचार करा.

शेतात उताराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात पहारीने खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजा. एका कोपऱ्यात लोखंडी सळई मुरमात घट्ट ठोका आणि मातीच्या पातळीवर तिला रंगाची खूण करा. दर वर्षी मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर खूण मातीच्या किती वर आली किंवा खाली गेली ते पाहा. जवळच्या विहिरीची पातळी महिन्यातून एकदा दोरीने मोजा. हे सारे तारीख घालून एका वहीत लिहा. शिक्षकांनी वर्गाचे गट पाडून प्रत्येक गटाला एकेक शेत दिले, तर दोन-तीन वर्षांत शाळेकडे गावाचा असा हिशेब जमेल, जो तलाठ्याच्या दप्तरातही नाही.

ही वही सात-बाराच्या उताऱ्याबरोबर त्याच पेटीत ठेवा. पुढे वाटणी होईल तेव्हा भावंडांना क्षेत्र तर कळेलच. त्याबरोबर माती किती सेंटिमीटर आहे हेही कळेल. पहिली नोंद करण्यासाठी पावसाची वाट पाहण्याची गरज नाही. खड्डा आजही घेता येईल.